ईमेल प्लगइनमधला एसएसआरएफ: भोक शोधायचं कसं, बुजवायचं कसं

ईमेल प्लगइनला बाहेर गेल्याशिवाय काम करताच येत नाही. न्यूजलेटरमधलं चित्र आणायचं, फीड वाचायची, सदस्यांची यादी लिंकवरून इम्पोर्ट करायची, मेल बाउन्स झाला की पाठवणाऱ्या सेवेचा निरोप घ्यायचा, मेल पाठवायची एसएमटीपी जोडणी तपासायची. ह्यातल्या प्रत्येक कामात तुमचा सर्व्हर कुठल्यातरी पत्त्यावर जातो. तो पत्ता बाहेरचा माणूस ठरवू शकत असेल, तर जी दारं त्याच्यासाठी बंद आहेत त्यांवर तो तुमच्या सर्व्हरच्या हाताने टकटक करतो. ह्या दोषाचं नाव सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी, म्हणजे एसएसआरएफ. दोषांच्या सीडब्ल्यूई यादीत त्याचा क्रमांक ९१८ आहे आणि वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या २०२१ च्या पहिल्या दहा धोक्यांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

आतल्या बाजूला रेडिस ६३७९ पोर्टवर, मेमकॅश्ड ११२११ वर, इलॅस्टिकसर्च ९२०० वर अशा डेटा ठेवणाऱ्या सेवा बसलेल्या असतात आणि "बाहेरून कुणी येणारच नाही" ह्या भरवशावर पुष्कळदा पासवर्डाविना. क्लाउडवर ह्यात १६९.२५४.१६९.२५४ ची भर पडते. हा मेटाडेटाचा पत्ता, सर्व्हरला स्वतःबद्दलची माहिती इथून मिळते. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) सर्व्हरला जोडलेल्या आयएएम रोलच्या, म्हणजे त्याच्या परवानग्यांच्या संचाच्या, तात्पुरत्या चाव्या तिथेच मिळतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची चोरी ह्याच वाटेने झाली: चुकीच्या पद्धतीने लावलेल्या फायरवॉलकडून मेटाडेटा वाचून घेतला, त्यातल्या चाव्यांनी एस३ हे ॲमेझॉनचं फाइल-कोठार उघडलं आणि अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी, कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. ईमेल प्लगइन जिथे चालतं त्या सर्व्हरच्या रोलला बहुधा एसईएस ह्या ॲमेझॉनच्या मेल सेवेतून मेल पाठवायची परवानगी असते. ती चावी गेली की तुमच्याच डोमेनच्या नावाने स्पॅम सुटतो.

पुढचं सगळं वर्डप्रेस डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे, कारण असे दोष तिथल्या प्लगइनमध्ये वारंवार सापडतात. तपासण्या फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या साइटवरच करा.

दोष जाहीर झालाय, पॅच अजून आलेला नाही

पॅच आला असेल तर आधी अपडेट करा, बाकीचं नंतर वाचा. आला नसेल तर प्लगइन बंद करणं हा पहिला विचार बरोबर आहे, पण त्यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला असा की प्लगइन निष्क्रिय केलं तरी त्याच्या फाइल्स डिस्कवरच राहतात. काही प्लगइन्स स्वतःची वेगळी पीएचपी फाइल ठेवतात, जी थेट ब्राउझरमधून उघडते आणि डब्ल्यूपी-लोड फाइल स्वतःच जोडून घेते. ती निष्क्रिय असतानाही चालते. म्हणून नुसतं निष्क्रिय करून थांबू नका.

दुसरा: घाईने "डिलीट" दाबलं तर प्लगइनची अनइन्स्टॉल फाइल चालते आणि काही प्लगइन्स त्यात सदस्यांचे टेबल पुसून टाकतात. त्यापेक्षा एसएसएचने प्लगइनचं फोल्डर वेब रूटच्या बाहेर हलवा. वर्डप्रेसला फाइल सापडली नाही की ते प्लगइन आपोआप निष्क्रिय होतं आणि डेटा जागच्या जागी राहतो. फोल्डरचं नुसतं नाव बदलणं पुरेसं नाही, कारण नवं नाव ओळखणाऱ्याला ते उघडतंच.

तिसरा खड्डा मेलचा. एसएमटीपी प्लगइन गेलं की वर्डप्रेस पीएचपीच्या मेल फंक्शनवर उतरतं, आणि पासवर्ड रीसेटचे, ऑर्डरचे मेल स्पॅममध्ये जातात किंवा कुठेच पोहोचत नाहीत. मधल्या काळासाठी एमयू-प्लगइन फोल्डरमध्ये (त्यातल्या फाइल्स आपोआप चालू असतात) एक छोटी फाइल ठेवा, पीएचपीमेलर_इनिट ह्या हुकवर (वर्डप्रेस ठराविक क्षणी आपला कोड चालवतं ती जागा) होस्ट, पोर्ट ५८७, टीएलएस आणि लॉगिन भरा. पासवर्ड डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या कॉन्स्टंटमधून घ्या.

प्लगइन बंद करणं अगदीच शक्य नसेल तर दोषी अजॅक्स ॲक्शन, म्हणजे पान न बदलता ब्राउझर सर्व्हरकडून करवून घेतो ते काम, तेवढी तोडा. ॲडमिन_इनिट हुकवर ९९९ अशा उशिराच्या प्राधान्याने, त्या ॲक्शनच्या पूर्ण नावावर रिमूव्ह_ऑल_ॲक्शन्स चालवा. लॉगिन केलेल्यांसाठी डब्ल्यूपी_अजॅक्स_ ने सुरू होणारं आणि न केलेल्यांसाठी डब्ल्यूपी_अजॅक्स_नोप्रिव्ह_ ने सुरू होणारं, अशी दोन्ही नावं तोडा. एक तोडून दुसरं विसरणं ही इथली नेहमीची चूक.

दोषाच्या सूचनेत "लॉगिन आवश्यक" असं वाचून निर्धास्त होऊ नका. किमान कुठली भूमिका लागते ते बघा. सबस्क्रायबर पुरत असेल आणि साइटवर कुणालाही नोंदणी करता येत असेल, तर तो दोष सगळ्या जगाला उघडा आहे. वूकॉमर्सच्या दुकानात तर खरेदी करणारा प्रत्येक जण खातं उघडू शकतो.

कोडमध्ये शोधायचं कुठे

प्लगइनच्या फोल्डरमध्ये ग्रेप (फाइल्समध्ये मजकूर शोधणारी आज्ञा) चालवा. डब्ल्यूपी_रिमोट_गेट, डब्ल्यूपी_रिमोट_पोस्ट, डब्ल्यूपी_रिमोट_हेड, डब्ल्यूपी_रिमोट_रिक्वेस्ट ही नावं तर कुणीही शोधेल. फाइल_गेट_कंटेंट्स, कर्ल_एक्झेक, एफसॉकओपन, कॉपी आणि सिंपलएक्सएमएल_लोड_फाइल हीसुद्धा शोधा, आणि गेटइमेजसाइझ विसरू नका. चित्राची लांबी-रुंदी मोजणारं ते निरुपद्रवी दिसणारं फंक्शन यूआरएल दिला तर स्वतः बाहेर जातं. लोगोचं प्रीव्ह्यू दाखवणाऱ्या कोडमध्ये ते हमखास असतं.

सापडलेल्या प्रत्येक ओळीपासून उलटं चालत जा: यूआरएलचं व्हेरिएबल आलं कुठून? सेटिंगमधून, पोस्ट डेटामधून, की रेस्ट एपीआयला आलेल्या जेसन मजकुरातून? शेवटी जे फंक्शन सापडेल ते कोण चालवू शकतं? इथे तीन गैरसमज पुन्हा पुन्हा भेटतात. इज_ॲडमिन हे फंक्शन माणूस ॲडमिन आहे का हे सांगतच नाही, ते रिक्वेस्ट ॲडमिन बाजूची आहे का एवढंच सांगतं, आणि ॲडमिन-अजॅक्सवर ते लॉगिन नसलेल्यालाही खरं येतं. नॉन्स म्हणजे परवानगी नव्हे. तो रिक्वेस्ट त्याच पानावरून आली ह्याची खूण आहे, आणि पान ज्याला दिसतं त्याला नॉन्सही मिळतो. रेस्टच्या परमिशन कॉलबॅकमध्ये "नेहमी खरं" लिहिलेलं असेल तर तिथे दारच नाही. परवानगीसाठी करंट_यूझर_कॅन हवं, तेही योग्य कॅपॅबिलिटीसकट.

बाउन्सचा वेबहुक: सगळ्यात दुर्लक्षित जागा

एसईएसमधून मेल पाठवणारी प्लगइन्स बाउन्स आणि तक्रारींचे निरोप ॲमेझॉनच्या एसएनएस सेवेकडून घेतात. त्यासाठी साइटवर एक पत्ता, म्हणजे वेबहुक, उघडा ठेवावा लागतो, लॉगिनशिवाय, कारण निरोप आणणारी सेवा लॉगिन करत नाही. वर्गणी सुरू करताना एसएनएस तिथे एक जेसन पाठवते. त्याच्या टाइपमध्ये "सबस्क्रिप्शन कन्फर्मेशन" असतं आणि सबस्क्राइब-यूआरएल ह्या खान्यात एक लिंक. ती लिंक उघडली की वर्गणी पक्की होते. प्लगइन लिहिणारा सरळ लिहितो: जेसन वाच, टाइप जुळला की सबस्क्राइब-यूआरएल डब्ल्यूपी_रिमोट_गेटला दे. तीनच ओळी, आणि काम होतं.

पण तो जेसन ॲमेझॉननेच पाठवला हे कुणी तपासलं? कुणीही त्या पत्त्यावर तसाच जेसन पोस्ट करून सबस्क्राइब-यूआरएलच्या जागी १२७.०.०.१ चा, म्हणजे तुमच्याच सर्व्हरचा, कुठलाही पोर्ट लिहू शकतो. ना खातं लागतं, ना नॉन्स.

"मग सही तपासू" म्हणून पुढची चूक होते. सही तपासायला सर्टिफिकेट लागतं आणि त्याचा पत्ताही त्याच जेसनमध्ये, सायनिंग-सर्ट-यूआरएलमध्ये असतो. तो आधी न पारखता आणायला गेलात तर दोष एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकला एवढंच. यूआरएलमध्ये कुठेतरी ॲमेझॉनएडब्ल्यूएस डॉट कॉम आहे एवढं बघणंही फोल आहे, कारण एस३ बकेटचा पत्ता त्याच डोमेनखाली असतो आणि बकेट कुणालाही उघडता येते. हल्लेखोर स्वतःचं सर्टिफिकेट तिथे ठेवतो, स्वतःच सही करतो आणि तुमचा कोड ती खरी मानतो.

बरोबर क्रम असा ठेवा. सायनिंग-सर्ट-यूआरएलची स्कीम एचटीटीपीएसच हवी. होस्टनेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच साच्यात बसलं पाहिजे: आधी एसएनएस, मग टिंब, मग रीजनचं नाव, मग टिंब आणि ॲमेझॉनएडब्ल्यूएस डॉट कॉम, चीनसाठी शेवटी आणखी सीएन. रेजेक्सला दोन्ही टोकांना अँकर लावा आणि टिंबं एस्केप करा. फाइलनेमचा शेवट पेमने होतो का बघा. मग सर्टिफिकेट आणा, सही पडताळा, टॉपिकचा एआरएन, म्हणजे ॲमेझॉनमधली त्याची एकमेव ओळख, तुमच्या सेटिंगमधल्या एआरएनशी तंतोतंत जुळवा, आणि त्यानंतरच सबस्क्राइब-यूआरएलला हात लावा, त्यालाही हाच होस्टचा साचा लावून. ॲमेझॉनची पीएचपीसाठीची तयार मेसेज व्हॅलिडेटर लायब्ररी सर्टिफिकेटचा पत्ता आणि सही दोन्ही पारखते, तेव्हा ती पडताळणी स्वतः लिहायच्या फंदात पडू नका. एआरएन जुळवणं मात्र तुमचंच काम.

एसएमटीपी चाचणीचं बटण

होस्ट, पोर्ट आणि "चाचणी मेल पाठवा" हे तीन मिळून उत्तम पोर्ट स्कॅनर तयार होतो. "कनेक्शन नाकारलं" म्हणजे पोर्ट बंद, "वेळ संपली" म्हणजे मध्ये फायरवॉल, वेगळाच काही गोंधळ म्हणजे तिथे कुणीतरी बोलतंय. पीएचपीमेलरची डीबग पातळी २ किंवा वर असेल आणि ते पानावर छापलं जात असेल, तर समोरच्या सेवेचं पहिलं वाक्यही दिसतं. मायएसक्यूएल आणि एसएसएच दोघंही जोडणी होताच आपली आवृत्ती सांगून टाकतात.

एकट्या साइटवर हे ॲडमिनपुरतं असल्याने फारसं बिघडत नाही. मल्टिसाइटवर, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट असतील तिथे, बिघडतं. तिथे प्रत्येक उपसाइटच्या ॲडमिनकडे मॅनेज_ऑप्शन्स असतं, पण सर्व्हर त्याचा नसतो. उपाय: पोर्ट २५, ४६५, ५८७ आणि २५२५ एवढेच स्वीकारा, तपशीलवार त्रुटी लॉगमध्ये लिहा आणि पानावर "जोडणी झाली नाही" एवढंच दाखवा. लूपबॅक, म्हणजे सर्व्हरचा स्वतःकडेच नेणारा पत्ता, मात्र सरसकट अडवू नका. पुष्कळ सर्व्हरवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर १२७.०.०.१ च्या २५ वर बसून खरोखर मेल पाठवत असतो. तसा रिले फक्त डब्ल्यूपी-कॉन्फिगमधून नेमता येईल असं करा.

जाता जाता: पीएचपीमेलरचा टाइमआउट मुळात ३०० सेकंदांचा आहे. मुका पोर्ट दिला की एक पीएचपी प्रोसेस पाच मिनिटं अडकते, आणि अशा दहा-वीस अडकल्या की साइट बंद पडते. तो १० सेकंदांवर आणा.

यूआरएल पारखण्याची खरी पद्धत

पत्ता वापरणाऱ्याकडून घ्यायची गरजच आहे का, हे आधी विचारा. डिलिव्हरी सेवेचा एपीआय असेल तर सेवांची ठरलेली यादी द्या, रीजनचं नाव यादीतूनच निवडू द्या आणि होस्ट कोडमध्ये लिहा. बाहेरून आलेला रीजनचा मजकूर होस्टनेममध्ये नुसता चिकटवला तर तिथे तिरकी रेघ घालून सगळा पत्ताच पळवता येतो.

कुठलाही यूआरएल घेणं भागच असेल तर निदान डब्ल्यूपी_सेफ_रिमोट_गेट वापरा. ते १०, १२७, ०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अडवतं, पोर्ट ८०, ४४३ आणि ८०८० वर बांधून ठेवतं आणि रीडायरेक्टही पारखतं. पण त्यावर पूर्ण विसंबू नका. वर्डप्रेसच्या अनेक आवृत्त्यांत ह्या यादीत १६९.२५४ नाही, म्हणजे मेटाडेटाच सुटतो. साइटच्या स्वतःच्या होस्टला सूट आहे. नाव सोडवायला ते गेटहोस्टबायनेम वापरतं, आणि त्याला फक्त आयपीव्ही४ कळतं. ज्या नावाचा ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ पत्ता) सार्वजनिक आणि एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्ता) आतला आहे, ते पार होऊ शकतं.

सगळ्यात मोठी फट वेळेची आहे. पारखताना नाव एकदा सोडवलं जातं, कर्ल (रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी) जोडताना पुन्हा. हल्लेखोराचा डीएनएस पहिल्या वेळी सभ्य पत्ता देतो, दुसऱ्या वेळी १२७.०.०.१. ह्याला डीएनएस रीबाइंडिंग म्हणतात. वर्डप्रेसच्या गाभ्यातल्या पिंगबॅकमध्ये २०२२ साली जाहीर झालेला दोष नेमका हाच होता. म्हणून पारखलेला आयपी आणि जोडलेला आयपी एकच असला पाहिजे. ते असं साधा:

१. यूआरएल डब्ल्यूपी_पार्स_यूआरएलने फोडा. एचटीटीपीएस सोडून दुसरी स्कीम, ४४३ सोडून दुसरा पोर्ट, किंवा ॲट चिन्हाआधी यूझरनेम असेल तर नाकारा.

२. डीएनएस_गेट_रेकॉर्डने ए आणि एएएए दोन्ही रेकॉर्ड काढा. होस्टच्या जागी थेट आकडे असतील तर नाकारा. २१३०७०६४३३ हा एक सलग आकडासुद्धा १२७.०.०.१ च आहे, १२७.१ पण तोच, आणि सोळाच्या किंवा आठच्या पायात लिहिलेलाही तोच. मजकूर जुळवत बसलात तर ही रूपं संपणार नाहीत.

३. मिळालेला प्रत्येक आयपी फिल्टर_व्हारने तपासा. पीएचपी ८.२ पासून ग्लोबल रेंजचा फ्लॅग आहे, तो वापरा. जुन्या पीएचपीत खासगी आणि राखीव असे दोन फ्लॅग एकत्र लावा, पण ते १००.६४.०.०/१० हा पट्टा सोडून देतात, आणि अलिबाबा क्लाउडचा मेटाडेटा १००.१००.१००.२०० वर, म्हणजे नेमका त्यातच आहे. तो पट्टा हाताने जोडा. एकही आयपी वाईट निघाला तर सगळी रिक्वेस्ट नाकारा.

४. एचटीटीपी_एपीआय_कर्ल हुकवर कर्लच्या रिझॉल्व्ह पर्यायात होस्ट, पोर्ट आणि पारखलेला आयपी भरा. आता कर्ल पुन्हा डीएनएसला विचारणार नाही. टीएलएसचं नाव मूळ होस्टचंच राहतं, त्यामुळे सर्टिफिकेट तुटत नाही.

५. रीडायरेक्शन ० ठेवा. रीडायरेक्ट हवाच असेल तर नवा पत्ता पुन्हा पहिल्या पायरीपासून न्या.

६. टाइमआउट ५ सेकंद, लिमिट_रिस्पॉन्स_साइझने आकाराला मर्यादा. आलेलं उत्तर जसंच्या तसं वापरणाऱ्याला दाखवू नका. चित्र हवं असेल तर उतरवलेल्या फाइलवर तपासणी करा आणि एसव्हीजी घेऊ नका.

सर्व्हर बाहेर प्रॉक्सीतून जात असेल तर चौथी पायरी निकामी होते, कारण नाव प्रॉक्सी सोडवते. मग गाळणी प्रॉक्सीतच हवी. स्ट्राइपने खुली केलेली स्मोकस्क्रीन ही प्रॉक्सी ह्याच कामासाठी आहे.

सर्व्हरवर कुलूप

कोड कितीही नीट लिहिला तरी पुढच्या महिन्यात दुसरं प्लगइन येईल. म्हणून नेटवर्कवर अडवणं आम्हाला सगळ्यात भरवशाचं वाटतं. एडब्ल्यूएसवर आयएमडीएस ह्या मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती सक्तीची करा, म्हणजे इन्स्टन्सच्या मेटाडेटा पर्यायांत एचटीटीपी टोकन्स "रिक्वायर्ड". तिला आधी पुट पद्धतीने टोकन मागावं लागतं आणि ते हेडरमध्ये परत द्यावं लागतं. नुसता यूआरएल हातात असलेल्याला हे जमत नाही. हॉप लिमिट, म्हणजे उत्तराच्या पॅकेटला किती टप्पे जाता येईल ती मर्यादा, १ ठेवा. डॉकरमधल्या ॲपला मेटाडेटा खरोखर लागत असेल तरच २. गूगल आणि अझ्युर आपापलं वेगळं हेडर मागतात, तेवढं संरक्षण तिथे मुळातच आहे.

मग लिनक्सच्या आयपीटेबल्स फायरवॉलच्या आउटपुट साखळीत ओनर मॅच लावून पीएचपी ज्या यूझरखाली चालतं त्याला १६९.२५४.१६९.२५४ वर रिजेक्ट करा. पण प्लगइन एसईएसच्या चाव्या रोलमधूनच घेत असेल तर ह्याने मेल थांबतील, हे आधी बघून ठेवा. रोलला फक्त मेल पाठवायची परवानगी द्या आणि फ्रॉम-ॲड्रेसची अट घाला.

डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डब्ल्यूपी_एचटीटीपी_ब्लॉक_एक्स्टर्नल खरं करून डब्ल्यूपी_ॲक्सेसिबल_होस्ट्समध्ये मोजकी नावं देता येतात. अपडेटसाठी एपीआय आणि डाउनलोड्स ही वर्डप्रेस डॉट ऑर्गची दोन्ही उपडोमेन त्यात टाका, नाहीतर अपडेटच बंद पडतील. हे कुलूप फक्त वर्डप्रेसच्या एचटीटीपी एपीआयला लागतं. थेट कर्लला, फाइल_गेट_कंटेंट्सला आणि पीएचपीमेलरला लागत नाही, आणि लोकलहोस्ट ह्या नावाला त्यात सूट आहे.

चाचणी

स्टेजिंगवर पीएचपीचा आतलाच छोटा सर्व्हर १२७.०.०.१ च्या ८०८० वर सुरू करा. ८०८० मुद्दाम, कारण तो सेफ फंक्शनच्या परवानगीतला पोर्ट आहे. दुसरा पोर्ट घेतलात तर पोर्टमुळे अडलं की आयपीमुळे हे कळत नाही. चाचणीपुरती तुमच्या कोडमधली स्कीम आणि पोर्टची अट शिथिल करा. दुसऱ्या टर्मिनलवर लूपबॅक इंटरफेसवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा. आता प्लगइनच्या प्रत्येक खान्यात लोकलहोस्ट, १२७.१, २१३०७०६४३३, ०.०.०.०, चौकटी कंसातला आयपीव्ही६ चा लूपबॅक, आणि तुमच्या दुसऱ्या सर्व्हरवरून ३०२ ने आत वळवणारी लिंक द्या. पानावर कुठली त्रुटी आली ते पाहू नका, टीसीपीडंपमध्ये पॅकेट दिसलं का ते पाहा. "अवैध यूआरएल" असा संदेश दाखवूनही आधी जाऊन आलेली प्लगइन्स असतात.

आधीच कुणी येऊन गेलं असेल तर

ॲक्सेस लॉगमध्ये पोस्टचा मजकूर नसतो, त्यामुळे ॲडमिन-अजॅक्सच्या ओळी मोजूनच पुढे जावं लागतं: एकाच आयपीवरून, मिनिटाला डझनावारी, उत्तराचे आकार आणि वेळा बदलत्या. रेस्टचा वेबहुक असेल तर निदान पाथ दिसतो. वर्डप्रेस बाहेर जाताना यूझर-एजंटमध्ये साइटचा पत्ता लिहितं, म्हणजे हल्लेखोराच्या सर्व्हरवर एकच रिक्वेस्ट गेली तरी सीडीएनमागे, म्हणजे पुढे उभ्या मध्यस्थ सर्व्हरांमागे, लपलेला तुमचा खरा आयपी त्याला कळलेला असतो. मूळ सर्व्हर फक्त सीडीएनच्याच पत्त्यांना उघडा आहे ना, हे त्याच दिवशी तपासा.

रोलच्या चाव्या गेल्याचा संशय असेल तर त्यांची मुदत संपायची वाट बघू नका. आयएएममध्ये त्या रोलची सगळी चालू सत्रं रद्द करा, मग क्लाउडट्रेल ह्या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत त्या रोलने तुमच्या सर्व्हरच्या आयपीबाहेरून केलेली कामं शोधा. एसएमटीपीचा पासवर्ड, डिलिव्हरी सेवेची एपीआय की आणि रेडिसला आजवर नसलेला पासवर्ड, हे तिन्ही नव्याने घाला. रेडिसमध्ये लॉगिनची सत्रं ठेवली असतील तर तीही पुसा.